पाण्याचा खजिना

कोल्हापुरात मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते, पुढचा पत्ता लागत नाही. कळंबा तलावाचे पाणी नळाने शहरात येई, इथे साठवले जाई आणि इथून पेठापेठांत वाटले जाई, म्हणून हे नाव. ते ठेवणाऱ्यांना पाण्याची किंमत ठाऊक असली पाहिजे. खजिना म्हणजे मोजून ठेवायची, राखायची आणि हिशेबाने खर्च करायची गोष्ट.

शाळेत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हाला फिल्टर हाऊस दाखवायला नेले होते. पावसाळ्याचे दिवस होते. पहिल्या हौदात तांबडे पाणी, दुसऱ्यात निवळत आलेले आणि शेवटी काचेसारखे नितळ. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तिथल्या ऑपरेटरकाकांना विचारले, “काका, पाणी तर स्वच्छ झालं की. मग अजून क्लोरिन कशाला?” काका म्हणाले, “स्वच्छ दिसतंय म्हणूनच, बाळ. दिसण्यावर गेलं की फसलं.” त्या वेळी आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे या विषयातले वाचू लागल्यावर लक्षात आले, की माणसाने पाणी शुद्ध करण्यासाठी गेल्या दोनशे वर्षांत जी धडपड केली, तिचे सार काकांनी दोन वाक्यांत सांगितले होते.

‘जुन्या जलशुद्धीकरण केंद्राचे नूतनीकरण होणार’ अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि फारसे कोणी वाचत नाही. केंद्र जुने होते म्हणजे काय होते? भिंतींना ओल येते, झडपा गंजतात, पंप दमतात. हे जुनेपण डोळ्यांना दिसते. पण केंद्र आणखी एका तऱ्हेने जुने होते. ते ज्या काळात बांधले, त्या काळी ‘शुद्ध पाणी’ या शब्दांचा जो अर्थ होता, तो त्याच्या हौदांत आणि वाळूच्या थरांत कायमचा कोरला जातो. पुढे विज्ञान तो अर्थ बदलते, हौद मात्र तसेच राहतात. हे दुसरे जुनेपण अधिक धोक्याचे, कारण ते दिसत नाही. कोल्हापूरच्या पाण्याच्या निमित्ताने याच दुसऱ्या जुनेपणाची कथा पाहू या.

चांगल्या जागेचे पाणी

पहिला अर्थ अगदी साधा होता. चांगल्या जागेचे पाणी ते चांगले पाणी. गावापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे वस्ती नाही आणि गुरे फिरत नाहीत, तिथले पाणी गावात आणावे. कोल्हापूरला कात्यायनीच्या डोंगराकडचे पाणी नळाने आणण्याची सोय जुन्या काळी होती. पुढे १८८१ ते १८८३ या काळात कळंबा तलाव बांधला गेला. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पंपाची गरज नव्हती. पाणी आपल्या वजनाने खजिन्यापर्यंत येई. मुंबईनेही त्याआधी हेच केले होते. विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० साली मिळू लागले, ते याच विचाराने.

हा विचार चुकीचा नव्हता. आजही उगम राखणे ही पाणी शुद्ध करण्याची पहिली पायरी मानतात. पण पाण्यात नेमके काय असते म्हणून माणसे मरतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत पटकी पाण्यातून पसरते असे दाखवले होते, तरी दुर्गंधीयुक्त हवेलाच दोष देणारे डॉक्टर पुष्कळ होते. योगायोग पाहा. कळंब्याचे काम १८८३ साली पुरे झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कोलकात्याला येऊन पोचला. पटकीने दगावलेल्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले आणि १८८४ च्या सुरुवातीस तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तेच जंतू मिळाले. कोल्हापूरकर नव्या तलावाचे पाणी पिऊ लागले, त्याच सुमारास ‘शुद्ध पाणी’ या शब्दांचा अर्थ बदलला. ज्यात रोगजंतू नाहीत ते शुद्ध.

एल्बे नदीकाठची दोन गावे

या नव्या अर्थाचा पुरावा १८९२ साली जर्मनीत मिळाला. हँबुर्ग आणि आल्टोना ही शहरे एल्बे नदीकाठी एकमेकांना चिकटून होती. दोन्ही शहरे एल्बेचेच पाणी पीत. हँबुर्गचे पाणी नदीच्या वरच्या अंगाने घेतलेले, पण न गाळलेले. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गची घाण जिच्यात मिसळली त्या नदीचे पाणी घेणारे. मात्र आल्टोनात ते पाणी वाळूतून गाळून देत. पटकीची साथ आली तेव्हा हँबुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली. आल्टोनाला त्या मानाने फारच थोडी झळ लागली. दोन्ही शहरांची हद्द ज्या रस्त्यावरून जाई, तिथे एका बाजूच्या घरांत रोगी आणि समोरची घरे सुरक्षित, असेही दिसले. हवा एकच, जमीन एकच, नदीही एकच. फरक वाळूचा.

ही वाळू कशी काम करत होती, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. गाळणी म्हटले की आपल्यासमोर चहाची गाळणी येते. भोकापेक्षा मोठे ते वर राहते, लहान ते खाली जाते. पण वाळूच्या दोन कणांमधली फट जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी असते. चाळणीच्या हिशेबाने जिवाणू सहज निसटायला हवेत. इंग्लंडमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ साली बांधलेल्या आणि पुढे सर्वत्र पसरलेल्या ‘मंद वाळू गाळणी’त पाणी तासाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर खाली उतरते. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्म प्राण्यांचा एक बुळबुळीत थर तयार होतो. पाण्याबरोबर येणारे जंतू या थराला चिकटतात आणि तिथले जीव त्यांना खाऊन टाकतात. म्हणजे ही गाळणी जिवंत असते. ज्याला आपण घाण म्हणून खरवडून काढू, तोच थर खरे काम करत असतो. कोलकात्याजवळ पलता येथे १८७० च्या सुमारास अशाच गाळण्या बांधल्या गेल्या.

वेगाची किंमत

मंद गाळणीला जागा फार लागते. हिशेब करून पाहू. दिवसाला एक कोटी लिटर, म्हणजे दहा हजार घनमीटर पाणी गाळायचे आहे. दरडोई १३५ लिटर धरले तर हे सुमारे ७४ हजार माणसांचे पाणी झाले. पाणी तासाला १० सेंटिमीटर उतरत असेल, तर दिवसाला २.४ मीटर. दहा हजाराला २.४ ने भागले की सुमारे ४,१७० चौरस मीटर येतात. म्हणजे एक एकराहून थोडी जास्त वाळू, तीही पावसाळी गढूळ पाण्याने वरचेवर तुंबणारी.

अमेरिकेत जॉर्ज फुलर यांनी लुइव्हिल येथे १८९५ ते १८९७ या काळात ओहायो नदीच्या गढूळ पाण्यावर प्रयोग करून दुसरी वाट पक्की केली. पाण्यात आधी तुरटी घालायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग ते वाळूतून वेगाने जाऊ द्यायचे. वेग तासाला सुमारे ५ मीटर, म्हणजे मंद गाळणीच्या पन्नासपट. वरच्या उदाहरणात एकरभर वाळूऐवजी ८३ चौरस मीटर पुरतात. दोन वर्गखोल्यांएवढी जागा! दिवसा-दोन दिवसांनी खालून उलटे पाणी सोडून वाळू धुऊन घेतली की गाळणी पुन्हा तयार.

यात तुरटीचे काम मध्यवर्ती आहे. आपल्या घरोघरी माठात तुरटी फिरवत, निवळीच्या बिया उगाळून घालत. गढूळ पाण्यातले मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभारित असतात. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ते एकत्र येऊन जड होत नाहीत आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचे धन आयन हा भार मारतात. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, ते कणांना आणि बऱ्याच जंतूंना कवटाळून खाली बसतात. केंद्रात माठाच्या तुरटीऐवजी साधे अॅल्युमिनियम सल्फेट किंवा हल्ली पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात, तत्त्व तेच.

पण वेगाची किंमत मोजावी लागते. जलद गाळणीत तो जिवंत थर राहत नाही. रोज धुतल्या जाणाऱ्या वाळूवर जीव वस्ती कशी करणार? त्यामुळे निसटलेल्या जंतूंसाठी तिसरा पहारेकरी नेमावा लागला. अमेरिकेतल्या जर्सी सिटीला १९०८ पासून कायमस्वरूपी क्लोरिनयुक्त पाणी मिळू लागले आणि ही रीत जगभर गेली. तुरटी, वाळू आणि क्लोरिन ही त्रयी विसाव्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक शहराच्या केंद्रात दिसते. यातले कोणीही एकटे पुरेसे नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी.

नदीकडे वळलेले शहर

शहर वाढले तसा कळंबा अपुरा पडू लागला आणि कोल्हापूर नदीकडे वळले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. यांतल्या भोगावतीवर राधानगरीचे धरण आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले हे काम स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. उन्हाळ्यात नदीत जे पाणी खेळते, ते बरेचसे धरणातून सोडलेले. ते अडवायला ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ आहेत. पावसाळा संपला की दगडी खांबांमध्ये बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढून घ्यायचे. साधी, पण नावाजलेली युक्ती. बालिंगा आणि पुढे शिंगणापूर इथून पंपाने पाणी उचलून शहराला देण्याच्या योजना झाल्या. कळंबा, बालिंगा, कसबा बावडा आणि पुईखडी ही नावे आज कोल्हापूरकराला जलशुद्धीकरण केंद्रांमुळेही ठाऊक आहेत.

तलावाकडून नदीकडे जाण्यात मोठा फरक आहे. तलावात पाणी महिनोन्महिने स्थिर असते, निम्मी शुद्धी आपोआप होते. नदीचे पाणी रोज वेगळे. जूनमध्ये सह्याद्रीची तांबडी माती घेऊन येणारे, मेमध्ये संथ आणि शेवाळलेले. त्यात वरच्या गावांचे सांडपाणी आणि शेतातली खते. तुरटीची मात्रा आज बरोबर ठरली म्हणून उद्या बरोबर ठरेल असे नाही. नदीवर जगणाऱ्या शहराला निव्वळ हौद पुरत नाहीत, रोज पाणी तपासून निर्णय घेणारा जाणता माणूस लागतो.

दिल्लीचा धडा

तिन्ही पहारेकरी जागेवर असूनही घात कसा होतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वर सरकून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरिन वाढवले. विषमज्वर, हगवण यांचा उद्रेक झाला नाही. जिवाणू मेले होते. पण काही आठवड्यांनी शहरात काविळीची प्रचंड साथ उसळली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विषाणू गाळणीतून आणि क्लोरिनमधून निभावून गेले होते. गढूळ, घाण पाण्यात क्लोरिन आधी घाणीवरच खर्च होतो आणि मातीच्या कणाआड दडलेला विषाणू वाचतो.

या साथीचा दुसरा अंक महाराष्ट्रात घडला. दिल्लीच्या रुग्णांची रक्तद्रव्ये जपून ठेवलेली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर ती तपासली. हा ‘अ’ नव्हे आणि ‘ब’ही नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. पुढे याच विषाणूला ‘ई’ हे नाव मिळाले. गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. म्हणजे दिल्लीचे केंद्र ज्या शत्रूशी लढत होते, त्याचे नावसुद्धा त्या वेळी कोणाला माहीत नव्हते. दिल्लीच्या साथीनंतर लवकरच, १९५८ साली, नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तीच आजची ‘नीरी’.

हा धडा दूरचा वाटू नये. २०१२ च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली आणि माणसे दगावली. कोल्हापूर आणि इचलकरंजी एकाच नदीवर आहेत. कोल्हापूर वर, इचलकरंजी खाली. एल्बेकाठची जोडी आठवावी. कोल्हापूरचा जयंती नाला नदीला जिथे मिळतो, तिथून पुढच्या गावांसाठी कोल्हापूर हेच हँबुर्ग आहे. स्वतःच्या नळाला कितीही चांगले केंद्र बसवले, तरी सांडपाणी शुद्ध न करता सोडणारे शहर आपली अशुद्धी शेजाऱ्याच्या दारात टाकते. पाणी शुद्ध करणे आणि सांडपाणी शुद्ध करणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

मोजपट्टी बदलते

आता दुसऱ्या जुनेपणाकडे येऊ. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, १९९१ मध्ये सुधारले तेव्हा गढूळतेची इष्ट मर्यादा ५ एकक होती आणि दुसरा उगमच नसेल तर १० पर्यंत सूट होती. २०१२ च्या आवृत्तीत हेच आकडे १ आणि ५ झाले. ५ एकक आणि १ एकक यांतला फरक पेल्यात पाहून फारसा कळत नाही, दोन्ही पाणी नितळच वाटेल. मग एवढा कडकपणा कशाला?

याचे उत्तर अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिळते. १९९३ साली तिथे सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले. केंद्र चालू होते, क्लोरिन होता आणि गढूळता तेव्हाच्या नियमांत बसत होती. पण ती नेहमीपेक्षा वाढलेली होती, आणि त्या वाढीबरोबर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय जीव गाळणीतून निसटला. याच्या कवचावर क्लोरिनचा जवळजवळ परिणाम होत नाही. तो अडला तर वाळूतच अडेल. तेव्हापासून गढूळतेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ती निव्वळ दिसण्याची बाब राहिली नाही, गाळणी पहारा देते की डुलक्या घेते हे सांगणारी खूण झाली.

दुसरी गोष्ट क्लोरिनची. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले, की पाण्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशांशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्ये बनतात. म्हणून पाणी आत येताच भरपूर क्लोरिन ओतण्याची जुनी सवय सोडून, आधी सेंद्रिय द्रव्य काढायचे आणि मग बेताने क्लोरिन द्यायचा, असा क्रम आला. क्लोरिन बंद करा असा याचा अर्थ कोणी काढू नये. जंतूंचा धोका आजचा असतो, या द्रव्यांचा धोका कित्येक वर्षांच्या सेवनाचा.

तर १९९१ च्या मोजपट्टीने उत्तीर्ण होणारे केंद्र, त्यातली एकही वीट न हलता, २०१२ च्या मोजपट्टीने नापास होऊ शकते. केंद्र बिघडलेले नसते. आपण शहाणे झालेलो असतो.

करवंटी आणि नळ्या

मग जुने केंद्र पाडून नवे बांधायचे का? नेहमीच नाही. इथे महाराष्ट्रातल्या एका कामाची आठवण ठेवायला हवी.

१९०४ साली अॅलन हेझन यांनी एक चकित करणारी गोष्ट मांडली. गाळ बसवण्याच्या हौदाची खोली महत्त्वाची नाही, तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. तासाला एक मीटर वेगाने खाली बसणारा कण तीन मीटर खोल हौदात तळाशी जायला तीन तास घेईल. त्याच हौदात ६० अंशांत तिरप्या, पाच सेंटिमीटर रुंदीच्या नळ्यांची जुडगी बसवली, तर कणाला नळीच्या खालच्या अंगाला टेकायला फक्त दहा सेंटिमीटर उतरावे लागते. सहा मिनिटांचे काम! नळी तिरपी असल्याने गाळ आपोआप घसरून खाली पडतो. जुना हौद तोच, पण त्यात आता जणू अनेक तळ आले.

गाळणीचेही तसेच. वाळू उलट्या पाण्याने धुतली, की बारीक कण वर आणि जाड कण खाली बसतात. परिणामी सगळी घाण वरच्या काही सेंटिमीटरांत अडकते आणि खालची वाळू रिकामी राहते. उलट हवे असते. वर जाड, खाली बारीक. त्यासाठी वरचा थर जाड पण हलक्या पदार्थाचा हवा, म्हणजे धुतल्यावरही तो वरच राहील. परदेशात त्याला अँथ्रासाइट कोळसा वापरत. महाराष्ट्रातले पाणीपुरवठा अभियंता जे. एन. कर्डिले यांनी त्याऐवजी नारळाच्या करवंट्या बारीक फोडून, चाळून वाळूवर पसरल्या. तिरप्या नळ्यांसाठी पीव्हीसी वापरले. रामटेक (१९७३), वरणगाव (१९७७) आणि चांदोरी (१९८०) इथे याच विचारांवर कमी जागेत आणि कमी खर्चात केंद्रे उभी राहिली, आणि विकसनशील देशांतल्या पाणीशुद्धीवरच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथांत त्यांची दखल घेतली गेली. जुन्या केंद्रात हौदांना नळ्या आणि गाळण्यांना दुहेरी थर दिला, की त्याच जागेत जास्त पाणी किंवा तेवढेच पाणी अधिक नितळ मिळू शकते. नूतनीकरण म्हणजे पुष्कळदा एवढेच. हौद तेच, समज नवी.

थेट धरणातून

कोल्हापुरात मात्र लोकांच्या मनात गेली कित्येक वर्षे दुसराच विषय होता. नदी दूषित झाली, तर काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणातून थेट नळाने पाणी आणा, ही मागणी. आंदोलने झाली, निवडणुका तिच्यावर लढवल्या गेल्या. २०१४ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे ५३ किलोमीटरच्या वाहिनीतून पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीला पोचले. शहरात दिवाळीच्या आधीच दिवाळी झाली.

इतिहास गोल फिरतो म्हणतात तो असा. कात्यायनी, कळंबा, मग नदी आणि आता पुन्हा दूर डोंगरातले पाणी. शहर दर पिढीला वरवर सरकत चांगल्या जागेचे पाणी शोधते, हा १८८३ चाच विचार. त्यात तथ्य आहे. महापुराचा अनुभवही त्याच बाजूचा. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापूरकर टँकरची वाट पाहत उभे राहिले. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले.

तरी धरणाचे पाणी आले म्हणून केंद्राचे काम संपत नाही. धरणाचे पाणी बऱ्याचदा इतके नितळ असते, की तुरटीला धरायला कणच मिळत नाहीत आणि पुंजके नीट बनत नाहीत. उन्हाळ्यात शेवाळ येते, वास येतो. विषाणू धरणातही असू शकतात. शिवाय केंद्रातून निघालेले पाणी घरी पोचेपर्यंत जुन्या वाहिन्यांतून जाते. दिवसातून ठरावीक वेळीच पाणी सुटत असेल, तर उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो. फुटक्या सांध्यातून त्यात शेजारच्या गटारीचे पाणी शोषले जाऊ शकते. म्हणून नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असा दंडक आहे. हा शिल्लक क्लोरिन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी.

अडचण अशी, की नव्या वाहिनीचे उद्घाटन होते, फलक लागतो, फोटो निघतात. गाळणीतली वाळू बदलली, गढूळता मोजायचे नवे यंत्र बसले, रात्रपाळीला प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ नेमला, याचे उद्घाटन कोणी करत नाही. ते नीट झाले तर काहीच घडत नाही. साथ येत नाही, एवढेच. न आलेल्या साथीचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. पैसे कुठे खर्च व्हावेत हे ठरवणारे लोकप्रतिनिधी आपणच निवडतो, तेव्हा हे अदृश्य काम दिसू लागेल अशी नजर तयार करणे ही शाळेची जबाबदारी ठरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एक ग्रॅम तुरटी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असेल. पहिल्या बाटलीत काही घालू नका, इतरांत अनुक्रमे २, ४ आणि ६ मिलिलिटर घाला. एक मिनिट जोराने, मग दहा मिनिटे अगदी हळू ढवळा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. कोणत्या बाटलीत पुंजके मोठे झाले, कोणती आधी निवळली, याची नोंद मुलांना करू द्या. जास्त तुरटी म्हणजे जास्त शुद्ध असे नेहमी दिसते का? केंद्रातला रसायनतज्ज्ञ पावसाळ्यात रोज हेच करतो. हे निवळलेले पाणी पिऊ नये, हे आवर्जून सांगा, आणि का पिऊ नये ते मुलांकडूनच काढून घ्या.

शाळेच्या नळातला शिल्लक क्लोरिन पाहण्यासाठी आरोग्य सेवकांना बोलवावे. त्यांची ओ.टी. चाचणी काही सेकंदांत पिवळा रंग दाखवते. ते रसायन मुलांच्या हाती मात्र देऊ नये. सकाळी पाणी सुटताच आणि तासाभराने, अशा दोन वेळी चाचणी केली तर चर्चेला विषय मिळेल. शक्य असेल तर गावाचे फिल्टर हाऊस पाहून या. तिथल्या माणसाला तीन प्रश्न जरूर विचारावेत. आज आत येणाऱ्या पाण्याची गढूळता किती, बाहेर जाणाऱ्याची किती आणि वाळू शेवटची कधी बदलली? उत्तर लगेच मिळाले तर समजावे, की खजिन्याचा हिशेब कोणीतरी ठेवतो आहे.